ताळा कोणी पाहायचा?
तारापूरच्या अणुवीज केंद्राचा निर्णय आणि मुंबई

गेटवे ऑफ इंडियापासून हाकेच्या अंतरावर जुन्या यॉट क्लबची वास्तू आहे. या परिसराचे मूळ नाव पालवा बंदर. साहेबांच्या तोंडी त्याचे अपोलो बंदर झाले, असे सांगतात. १९४९ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था पेडर रोडवरच्या बंगल्यातून या वास्तूत आली. पुढे संस्था कुलाब्याच्या टोकाला स्वतःच्या इमारतीत गेली, पण डॉ. होमी भाभांनी उभे केलेले अणुऊर्जा खाते पालव्यावरच राहिले. आज त्या जागेला अणुशक्ती भवन म्हणतात. केंद्र सरकारच्या बहुतेक खात्यांची मुख्यालये दिल्लीत असतात. हे खाते मात्र मुंबईत आहे. गिरगाव-लालबागहून सुट्टीच्या दिवशी गेटवेला फिरायला येणाऱ्या माणसाला सहसा ठाऊक नसते की, देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्राचा निर्णय याच रस्त्यावर आकाराला आला.

तारापूरच्या या निर्णयावर लिहिताना बहुधा दोनच सूर लागतात. एक आरतीचा, दुसरा शापवाणीचा. मला दोन्ही जमत नाहीत. माझा पोटापाण्याचा उद्योग हिशेब लिहिण्याचा. इतिहासाचे वाचन नोकरी सांभाळून, रविवारी आणि सणावारी केलेले. कधी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, कधी फोर्टात टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिकमध्ये. त्यामुळे जुना कागद हाती आला की माझी नजर आधी आकड्यांवर जाते. शाळेत गणित सुटले की गुरुजी विचारायचे, ‘ताळा करून पाहिलास का?’ पेढीवर आम्ही त्यापुढचे शिकलो : ज्याने हिशेब मांडला त्यानेच ताळा पाहायचा नाही, तो दुसऱ्याने पाहायचा.

अणुवीज केंद्र उभारावे की नाही हा प्रश्न विज्ञानाचा आहे, परराष्ट्र धोरणाचा आहे, समुद्रकाठच्या माणसांचा आहे. पण सरकार जेव्हा तो निर्णय घेते तेव्हा तो एक हिशेबही असतो. तारापूरचा हिशेब कोणी मांडला आणि त्याचा ताळा कोणी पाहिला, एवढाच प्रश्न घेऊन मी जुने कागद वाचले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो.

गिरण्यांची वीज

मुंबईला वीज हवी होती ती आधी गिरण्यांसाठी. परळ-लालबागच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालत, आणि त्यासाठी लागणारा कोळसा दुरून येई. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस तलावांत अडवायचा, घाटाखाली सोडायचा आणि त्यावर वीज करायची, ही टाटांची योजना म्हणजे त्या परावलंबनावरचा तोडगा होता. खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये, भिऱ्याचे १९२७ मध्ये. गिरणगाव हळूहळू वाफेवरून विजेवर आला.

स्वातंत्र्यानंतर मात्र ही वीज पुरेनाशी झाली. टाटांनी १९५६ मध्ये ट्रॉम्बेला औष्णिक केंद्र सुरू केले. कोयनेचे काम १९५४ मध्ये हाती घेतले गेले होते, पण तिथली वीज यायला १९६२ साल उजाडले. पाणी पावसाच्या हाती, आणि झरिया-राणीगंजचा कोळसा दीड हजार किलोमीटरहून अधिक लांब. मुंबई-अहमदाबाद हा देशातला मोठा औद्योगिक पट्टा, आणि नेमका तोच कोळशाच्या मोठ्या खाणींपासून लांब.

भाभांचा युक्तिवाद या भूगोलावर उभा होता. १२ मार्च १९४४ रोजी, म्हणजे हिरोशिमाच्या जवळजवळ दीड वर्ष आधी, त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिले. दोनएक दशकांनी अणूपासून वीज होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्याचा आशय होता. पुढे ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला भरलेल्या अणुशक्तीच्या शांततामय वापरावरील पहिल्या जागतिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अणुभट्टीला लागणारे इंधन वजनाने इतके कमी असते की ते कुठूनही कुठेही नेले तरी वाहतुकीचा खर्च जाणवत नाही. कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी अणुवीज परवडणार नाही. पण खाणीपासून शेकडो कोस दूर असलेल्या पश्चिम भारतात ती कोळशाच्या विजेशी बरोबरी करील.

हा युक्तिवाद पोकळ नव्हता. मुंबईत बसलेल्या माणसाला तो पटण्यासारखाच होता.

दोन पदे, एकच माणूस

हिशेब मांडणारी यंत्रणा कशी घडली ते आता पाहू. अणुऊर्जेचा पहिला कायदा १९४८ चा. ६ एप्रिल १९४८ रोजी संविधान सभेत, विधिमंडळ म्हणून तिचे काम चालू असताना, या विधेयकावर चर्चा झाली. म्हैसूरकडचे सदस्य एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी त्यातल्या गुप्ततेच्या तरतुदींना हरकत घेतली. इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यांशी तुलना करून त्यांनी विचारले की, शांततेच्या कामासाठी चाललेल्या संशोधनालाही एवढा पडदा कशाला? नेहरूंनी गुप्ततेचे समर्थन केले; शांततेचे संशोधन आणि संरक्षणाचे संशोधन यांत रेघ ओढणे अवघड आहे, हेही त्यांनी मान्य केले. विधेयक मंजूर झाले. १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले.

३ ऑगस्ट १९५४ रोजी स्वतंत्र अणुऊर्जा खाते निघाले. ते थेट पंतप्रधानांकडे, आणि सचिव भाभाच. १ मार्च १९५८ च्या सरकारी ठरावाने आयोगाची पुनर्रचना झाली. खात्याचा सचिव हाच आयोगाचा पदसिद्ध अध्यक्ष असेल, आणि संसदेने मंजूर केलेल्या तरतुदीच्या मर्यादेत आयोगाला केंद्र सरकारचे प्रशासकीय व आर्थिक अधिकार असतील, असे त्यात ठरले. आर्थिक बाबींसाठी वेगळा सदस्य होता, पण तोही आयोगाच्या आतलाच.

याचा लाभ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. दिल्लीच्या टेबलांवरून फाइल फिरवत बसावे लागले असते, तर ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली नसती. नव्या, अवघड कामाला असा मोकळा हात लागतो.

पण हिशेबनीस म्हणून मला यात एक गोष्ट खटकते. धोरण सुचवणारा, त्यासाठी पैसे मागणारा, ते खर्च करणारा आणि ‘हे परवडेल का’ या प्रश्नाला सरकारच्या वतीने उत्तर देणारा, अशा चारही जागी एकच माणूस बसला. तो माणूस असामान्य होता, सचोटीचा होता. तरीही घडी एका माणसाच्या मापाने घातली की तो माणूस गेल्यावरही घडी तशीच राहते. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचे विमान आल्प्स पर्वतात कोसळले. ठरावाची घडी पुढे चालू राहिली.

‘अ‍ॅटॉमिक बॉम्बे?’

ताळा पाहण्याचा एक प्रयत्न मात्र झाला, आणि तोही मुंबईतच.

सचिन चौधरी यांनी जानेवारी १९४९ मध्ये मुंबईहून ‘इकॉनॉमिक वीकली’ हे साप्ताहिक सुरू केले होते. आजच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चा हा पूर्वावतार. त्याच्या २९ नोव्हेंबर १९५८ च्या अंकात ‘अ‍ॅटॉमिक बॉम्बे?’ या मथळ्याचा लेख आला. लेखक आय. एम. डी. लिटल. हे ऑक्सफर्डचे अर्थशास्त्रज्ञ त्या काळात भारतात राहून भारताच्या नियोजनाचा अभ्यास करत होते. पुढे दहा वर्षांनी जेम्स मिर्लीज यांच्यासह त्यांनी विकसनशील देशांतले सरकारी प्रकल्प कसे तपासावेत याची पद्धत घालून दिली, आणि ती जगभर वापरली गेली. अविकसित प्रदेशांना अणुऊर्जेची गरज का आहे, हे सांगणाऱ्या भाभांच्या मांडणीचा समाचार घेणे हा त्यांच्या लेखाचा हेतू होता.

लिटल यांचा आक्षेप अणूला नव्हता. किरणोत्सर्गाचा तर त्यात प्रश्नच नव्हता. त्यांचा मुद्दा सरळ होता. भारतात भांडवल दुर्मीळ आहे. अणुवीज केंद्राला त्याच क्षमतेच्या कोळशाच्या केंद्रापेक्षा कितीतरी अधिक भांडवल लागते. देशात विजेचा तुटवडा आहे, हे खरेच; पण एका केंद्राच्या जागी दोन केंद्रे होतील एवढा पैसा एकाच केंद्रात घातला, तर तुटवडा कमी होणार नाही, वाढेल.

हा वाद नेमका कुठे अडतो, हे समजण्यासाठी एक छोटे उदाहरण घेऊ. आकडे माझे, केवळ समजुतीसाठी. समजा, कोळशाच्या केंद्राला प्रत्येक किलोवॅट क्षमतेमागे १,००० रुपये भांडवल लागते आणि अणुकेंद्राला २,०००. म्हणजे १,००० रुपये जादा. उलट अणुकेंद्राचे इंधन दर युनिटला १ पैशाने स्वस्त पडते. केंद्र वर्षाला ७,००० तास चालले आणि व्याजाचा दर ४ टक्के धरला, तर जादा भांडवलाचे व्याज ४० रुपये, म्हणजे युनिटमागे साधारण ०.५७ पैसा. इंधनात १ पैसा वाचला, व्याजात अर्ध्याहून थोडा अधिक गेला, अणुकेंद्र जिंकले. आता व्याज १० टक्के धरा. जादा व्याज १०० रुपये, युनिटमागे १.४३ पैसे. अणुकेंद्र हरले. आणि केंद्र ७,००० ऐवजी ४,४०० तासच चालले तर? युनिटमागे २.२७ पैसे. सपशेल हरले.

यंत्र तेच आणि इंधनही तेच. बदलल्या त्या दोनच गोष्टी : पैशाची किंमत किती धरायची आणि केंद्र वर्षातून किती तास चालेल असे मानायचे. या दोन्ही गोष्टी प्रयोगशाळेत मोजता येत नाहीत; त्या ठरवाव्या लागतात. म्हणून त्या कोण ठरवतो याला महत्त्व येते. नियोजनकारांच्या कागदावर सरकारी कर्जाचा दर कमी असतो. पण तोच पैसा एखाद्या कालव्यात, शाळेत किंवा दुसऱ्या वीज केंद्रात घातला असता तर देशाला काय मिळाले असते, ही त्या पैशाची खरी किंमत. लिटल यांचा सगळा भर या दुसऱ्या किमतीवर होता.

मला या प्रसंगाचे मोल वाटते ते एवढ्यासाठी की, भाभांनी आपले आकडे उघड्यावर मांडले, आणि मुंबईच्या एका साप्ताहिकाने त्यांना उत्तर देणाऱ्याला जागा दिली. त्या काळात भाभांना प्रश्न विचारणे सोपे नव्हते. पण ताळ्याचे गणित छापून आले तरी निर्णय घेणाऱ्यांवर त्याचे उत्तर देण्याचे बंधन नव्हते. उत्तर मागील असे कोणतेही पीठच त्या रचनेत नव्हते.

तारापूर

पुढचा प्रवास वेगाने झाला. ऑक्टोबर १९६० मध्ये सरकारने अणुवीज केंद्रासाठी जागतिक निविदा काढल्या. १९६१ मध्ये सात प्रस्ताव आले. जागा ठरली ती मुंबईच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवरच्या तारापूरची. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्ये झाली होती, आणि तारापूर दोघांनाही वीज देण्याच्या सोयीचे होते. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा प्रस्ताव निवडला गेला. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला, ८ मे १९६४ रोजी कंपनीशी करार झाला, आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी दोन्ही भट्ट्यांची वीज नियमितपणे मिळू लागली.

यात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. भाभांचा स्वतःचा त्रिस्तरीय कार्यक्रम नैसर्गिक युरेनियमपासून सुरू होतो, मग प्लुटोनियम आणि शेवटी आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूतले थोरियम. तारापूरच्या भट्ट्यांना मात्र समृद्ध युरेनियम लागत होते, आणि ते अमेरिकेकडूनच येणार होते. म्हणजे पहिलेच केंद्र आपल्याच धोरणाच्या चौकटीबाहेरचे. मग ते का घेतले? कारण किंमत कमी होती आणि पैसाही स्वस्त होता. अमेरिकी मदतीतून सुमारे आठ कोटी डॉलरचे कर्ज मिळाले, अतिशय कमी व्याजाचे आणि दीर्घ मुदतीचे. शिवाय त्या काळात जनरल इलेक्ट्रिक जगाच्या बाजारात पाय रोवण्यासाठी संपूर्ण केंद्र ठरलेल्या किमतीत बांधून देत होती, प्रसंगी तोटा सोसून.

पुढे तारापूरची वीज देशातल्या स्वस्त विजेत गणली गेली. कित्येक वर्षे तिचा दर युनिटला एक रुपयाच्या आसपास किंवा त्याखाली राहिला. अणुवीज परवडते याचा पुरावा म्हणून हा दर अनेकदा पुढे केला जातो. पण हिशेबाच्या वहीत पाहिले तर तो दर सांगतो ते वेगळेच : मूळ किंमत सवलतीची, व्याज नाममात्र, कर्ज फिटलेले, घसारा संपलेला. लिटल यांनी विचारले होते की, भांडवल महाग असेल तर काय? तारापूरला भांडवल महाग पडलेच नाही. म्हणून तारापूरने भाभांना बरोबर ठरवले नाही आणि लिटलनाही चूक ठरवले नाही. त्या वादाची परीक्षाच झाली नाही.

स्वस्त व्याजाची दुसरी बाजू पुढे उघड झाली. १८ मे १९७४ रोजी पोखरणला स्फोट झाला. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा बदलला, आणि तारापूरच्या इंधनाचा पुरवठा अडचणीत आला. १९८२ मध्ये तडजोड होऊन फ्रान्स पुरवठा करू लागला, पुढे चीन, नंतर रशिया. इंधन वजनाने हलके म्हणून कुठूनही आणता येते, हे भाभांचे गणित खरेच होते. पण ते कोण देईल आणि कोणत्या अटीवर, हा रकाना मूळ हिशेबात नव्हता.

नाना चौकातून उच्च न्यायालयात

१९६२ मध्ये नवा अणुऊर्जा कायदा आला. त्याच्या १८ व्या कलमाने सरकारला अणुकेंद्रांविषयीची माहिती रोखून धरण्याचा अधिकार दिला. १९८३ मध्ये सुरक्षेवर लक्ष ठेवण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. ते उत्तरदायी कोणाला? अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचा अध्यक्ष म्हणजे खात्याचा सचिव. १९५८ च्या ठरावाची घडी इथेही उमटली.

नोव्हेंबर १९९५ मध्ये या मंडळाने, डॉ. ए. गोपालकृष्णन अध्यक्ष असताना, खात्याच्या केंद्रांतल्या सुरक्षेच्या त्रुटींचा अहवाल तयार केला. त्यात १३० मुद्दे होते, आणि त्यांतले ९५ तातडीचे. अहवाल गुप्त राहिला. तो लोकांसमोर यावा आणि १८ वे कलम घटनेच्या कसोटीवर तपासले जावे, यासाठी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि मुंबई सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. सर्वोदय मंडळ म्हणजे ताडदेव रस्त्यावर, नाना चौकाजवळचे. गिरगावकरांना ते परिचित आहे ते गांधी-विनोबांच्या पुस्तकांमुळे. शस्त्रांचा धाक नसलेली, खादी विकत घेणारी ही माणसे सरकारकडे ताळ्याचा कागद मागत होती.

सरकारने गोपनीयतेचा दावा केला. उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये कलम वैध ठरवून तोच निकाल कायम केला. न्यायालयांनी कायदा पाहिला, आणि कायदा तसाच होता. १९४८ मध्ये कृष्णमूर्ती रावांनी ज्या जागी बोट ठेवले होते, त्याच जागी पन्नास वर्षांनी दार बंद झाले. पुढे २०१२ मध्ये कॅगनेही आपल्या अहवालात नियामक मंडळाला पुरेशी स्वायत्तता नसल्यावर बोट ठेवले. स्वतंत्र नियामक प्राधिकरणाचे विधेयक २०११ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. लोकसभेची मुदत संपली तसे ते निकालात निघाले.

जैतापूर आणि लालबागचे चाकरमानी

तारापूरच्या वेळी गिरणगावाला वीज हवी होती. पुढच्या मोठ्या निर्णयाच्या वेळी गिरणगावाचा संबंध उलट्या बाजूने आला. रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातले माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल ही गावे. कोकणातल्या इतर गावांसारखीच यांचीही एक पिढी परळ-लालबागच्या चाळींत राहून गिरणीत खपली. गावची जमीन, आंबा आणि मासळी हा त्यांचा मागचा आधार. मी ज्या चाळीत वाढलो तिथे राजापूरकडची बिऱ्हाडे होती, आणि २०१० च्या सुमारास गणपतीला गावी जाऊन आलेली माणसे आरत्यांपेक्षा जमिनीच्या नोटिसांविषयी जास्त बोलत.

येथेही मी तारखांचा क्रम लावून पाहिला. जागेला तत्त्वतः मान्यता २००५ मध्ये. भारत-फ्रान्स अणुकरार सप्टेंबर २००८ मध्ये. अरेवा या फ्रेंच कंपनीशी सामंजस्य करार फेब्रुवारी २००९ मध्ये. जनसुनावणी १६ मे २०१० रोजी. पर्यावरण मंजुरी, ३५ अटींसह, २८ नोव्हेंबर २०१० रोजी; आणि आठ दिवसांत, ६ डिसेंबरला, फ्रान्सच्या अध्यक्षांच्या भेटीत कंपनीशी करार. म्हणजे जागा, देश, कंपनी आणि भट्टीचा प्रकार हे सगळे ठरल्यानंतर गावाला विचारले गेले. पर्यावरणाचा अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही, ही गावकऱ्यांची तक्रार होती. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे आंदोलनावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला.

मला याहून अधिक बोचते ती तारापूरशी तुलना. १९६० मध्ये, परकीय चलनाची चणचण असलेल्या गरीब भारताने जागतिक निविदा काढल्या आणि सात प्रस्ताव तपासले. २००८ नंतरच्या श्रीमंत होत चाललेल्या भारताने किनाऱ्यावरच्या जागा देशांना वाटून दिल्या : ही फ्रान्सला, ही रशियाला, ही अमेरिकेला. जैतापूरसाठी निविदा निघालीच नाही. प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. त्यांची किंमत किती आणि वीज कोणत्या दराने, हे ठरण्याआधीच विक्रेता ठरला.

त्याच प्रकारच्या भट्टीची परीक्षा दरम्यान युरोपात झाली. फिनलंडमध्ये ऑल्किलुओटोचे काम २००५ मध्ये सुरू झाले, वीज २००९ मध्ये यायची होती. ती नियमितपणे मिळाली एप्रिल २०२३ पासून. खुद्द फ्रान्समधल्या फ्लामनव्हिलच्या भट्टीचे काम २००७ मध्ये सुरू झाले, डिसेंबर २०२४ मध्ये ती ग्रिडला जोडली गेली, आणि ३.३ अब्ज युरोंचा अंदाज १३ अब्जांच्या पुढे गेला. वर ज्या दोन गोष्टी मांडल्या, पैशाची किंमत आणि तास, त्यांत तिसरी जोडायला हवी : बांधायला लागणारी वर्षे. भांडवल अडकून पडले की व्याज वाढत राहते आणि वीज मात्र शून्य. चीनमध्ये ताइशानला अशाच भट्ट्या त्यामानाने लवकर उभ्या राहिल्या, हेही नोंदवले पाहिजे. पण भारतात काय होईल याचा उघड हिशेब कोणी मांडलेला नाही. अरेवाचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय बुडीत जाऊन ईडीएफ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीकडे गेला, तिने २०२१ मध्ये प्रस्ताव दिला, आणि जैतापूरचा अंतिम करार अजून झालेला नाही.

आता

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने जाहीर केले की, २०४७ पर्यंत अणुवीज १०० गिगावॅटपर्यंत, म्हणजे १ लाख मेगावॅटपर्यंत न्यायची. त्या वेळची क्षमता ९,००० मेगावॅटच्या आत होती. लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये, आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्रात वाव मिळावा म्हणून अणुऊर्जा कायदा व अपघाताच्या भरपाईचा कायदा या दोन्हींत दुरुस्ती, असेही त्यात होते. कोळशाचा धूर कमी करायचा तर अणुवीज हवी, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९५८ मध्ये लिटल यांनी कोळसा स्वस्त धरला तेव्हा हवामानाचा खर्च कोणीच वहीत लिहीत नव्हते. तो आज लिहावा लागेल, आणि मग कोळशाची बाजूही महाग होईल.

पण म्हणूनच ताळा हवा. कायदा कोणताही असो, त्यात तीन गोष्टी असायला काय हरकत आहे? भांडवलाचा खर्च, धरलेला व्याजदर, बांधकामाची वर्षे आणि केंद्र वर्षातून किती तास चालेल याचा अंदाज, एवढे चार आकडे करारावर सही होण्याआधी छापावेत. ते तपासणारा माणूस खात्याच्या बाहेरचा असावा, आणि त्याच्या आक्षेपांना लेखी उत्तर देणे खात्यावर बंधनकारक असावे. सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या मंडळाने संसदेला उत्तर द्यावे, सचिवाला नव्हे. यातून शत्रूच्या हाती कोणतेही गुपित लागत नाही. व्याजाचा दर हे काही अणुबाँबचे रहस्य नव्हे.

‘इकॉनॉमिक वीकली’चा वारस असलेले साप्ताहिक गेली अनेक वर्षे लोअर परळच्या एका औद्योगिक वसाहतीतून निघते. आजूबाजूच्या गिरण्यांच्या जागी आता काचेचे मनोरे आहेत, आणि त्यांना रात्रंदिवस वीज लागते. मुंबईची भूक १९५८ पेक्षा कमी झालेली नाही, वाढली आहे. म्हणून ‘वीज हवी की नको’ हा प्रश्न मी मुंबईकर म्हणून तोंड वर करून विचारू शकत नाही. माडबनच्या माणसाने सुनावणीत काय विचारले असते, ते मात्र विचारू शकतो : या विजेचा दर युनिटला काय पडणार, तो कोणी काढला, आणि त्याचा ताळा कोणी पाहिला? तारापूरच्या वेळी यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांना उघड उत्तर होते आणि तिसरा निदान विचारता तरी आला. जैतापूरच्या बाबतीत पंधरा वर्षांनंतरही पहिल्याचेच उत्तर यायचे आहे.